जयघोष आणि रणघोष

आरती संपली म्हणजे देवळात जो जयघोष होतो, त्यातील 'जय' या शब्दाकडे आपले फारसे लक्ष जात नाही. विचार करू गेल्यास जय हा एकट्याने उभा राहणारा शब्द नव्हे. जय म्हटला की तो कोणाचा तरी असतो आणि कोणावर तरी असतो. जेथे जय आहे तेथे पराजित झालेला कोणी असलाच पाहिजे. परंतु देवापुढे हात जोडून उभा असलेला भक्त जेव्हा जय म्हणतो, तेव्हा त्याच्या मनात कोणाचाही पराभव नसतो. असलाच तर स्वतःच्या अहंकाराचा. कीर्तनाच्या शेवटी विठ्ठलाचा आणि संतांचा जो गजर होतो, त्यात हरला कोण असे विचारणारा मनुष्य वेडा ठरेल. आता तोच शब्द, त्याच देवतेच्या नावासह, हाती संगीन घेतलेल्या सैनिकाच्या मुखातून निघतो असे पाहा. तेथे पराभूत व्हावयाचा मनुष्य समोर उभा असतो आणि तो हाडामांसाचा असतो. शब्द एकच, नाव एकच. मग कृती एक की दोन? देवाचे नाव ओठांवर घेऊन मनुष्याने मनुष्यावर धावून जावे, हे नामस्मरण म्हणावयाचे की नामाची विटंबना?

हा प्रश्न पांढुर्णा-सौंसरच्या वाचकांस परका वाटण्याचे कारण नाही. देवगडच्या गोंड राज्यानंतर हा सारा मुलूख नागपूरकर भोसल्यांच्या अमलाखाली होता, आणि त्यांच्या घोडदळाचे बरेवाईट कर्तृत्व हा आपल्याच इतिहासाचा भाग आहे. आजही नागपूरच्या वाटेने गेले तर कामठीस सैन्याची मोठी छावणी लागते. आणि पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी जाम नदीच्या पात्रात काय होते हे तर आम्ही सांगावयास नको.

प्रथम रणघोष करतो काय, ते पाहू. धावा करण्यापूर्वी मनुष्याचा श्वास कोंडलेला असतो, गुडघे हलके झालेले असतात, आणि हजारोंच्या सैन्यात असूनही तो आपल्या भीतीपाशी अगदी एकटा असतो. अशा वेळी छातीतून निघालेली आरोळी कोंडलेला श्वास मोकळा करते. त्याचा आवाज इतर शंभर आवाजांत मिसळतो आणि त्या क्षणापुरता तो एकटा राहत नाही. धुळीत आणि अंधारात आपला कोण व परका कोण हे ओळखण्यासही तिचा उपयोग होई. शत्रूच्या मनात धडकी भरणे हा लाभ खरा, पण आमच्या मते तो दुय्यम होय. तोफखान्याच्या गडगडाटात आरोळी शत्रूच्या कानापर्यंत पोहोचतही नाही. तरी तोफांच्या युगात ती नाहीशी झाली नाही. याचे कारण असे की रणघोषाचा पहिला श्रोता स्वतः ओरडणारा आणि दुसरा त्याच्या शेजारचा सोबती. शत्रूचा क्रमांक त्यानंतर लागतो.

गीतेचा पहिला अध्याय पुष्कळ जण घाईने वाचून दुसऱ्याकडे वळतात. त्यात ही गोष्ट अगदी स्पष्ट आहे. कुरुक्षेत्रावरील पहिला सिंहनाद भीष्मांचा, आणि तो पांडवांना भिववण्यासाठी केलेला नाही. दुर्योधनाचे मन साशंक झालेले पाहून, त्याला हुरूप यावा म्हणून वृद्ध पितामहांनी गर्जना केली व शंख फुंकला. पुढे पांचजन्य, देवदत्त, पौंड्र, अनंतविजय असे नावानिशी शंख वाजतात, आकाश आणि पृथ्वी दुमदुमते, कौरवांची हृदये विदीर्ण होतात. आणि एवढा घोष झाल्यावर काय होते? अर्जुन म्हणतो, माझा रथ दोन्ही सैन्यांच्या मध्ये उभा कर. ज्याच्या बाजूने तो सर्व निनाद झाला त्याच्याच हातून धनुष्य गळते. त्याने विचारलेल्या प्रश्नाचे उत्तर देण्यास शंखांचा उपयोग झाला नाही. त्यासाठी अठरा अध्याय बोलावे लागले. रणघोष भीती घालवू शकतो. कृत्य धर्म्य की अधर्म्य हे ठरवणे त्याच्या शक्तीबाहेरचे आहे, आणि त्याच्याकडून ती अपेक्षा करणाऱ्यांनीच जगात फार अनर्थ केले आहेत.

आपल्या भारतीय सैन्यातील घोष या दृष्टीने अभ्यासण्यासारखे आहेत. राजपुताना रायफल्सचे जवान राजा रामचंद्राचा जय म्हणतात, गढवाली बदरीविशालाचा, डोगरे ज्वालामातेचा. गुरखे महाकालीचा जय म्हणून 'आयो गोरखाली' अशी आपल्या आगमनाची वर्दी देतात. शीख पलटणींत 'सत् श्री अकाल' दुमदुमते. कुमाऊँ रेजिमेंटमधील अहीर जवान श्रीकृष्णाला 'दादा किशन' या घरगुती नावाने हाक मारतात. १८ नोव्हेंबर १९६२ रोजी लडाखातील रेझांग ला येथे मेजर शैतानसिंग यांच्या हाताखाली शेवटपर्यंत लढून जे शंभराहून अधिक वीर पडले, ते याच अहीर तुकडीचे. मराठा लाइट इन्फंट्रीचा घोष 'बोल श्री छत्रपती शिवाजी महाराज की जय' हा होय. मराठी पलटणीच्या घोषात 'की' हा हिंदी प्रत्यय सुखाने नांदतो, ही गोष्ट मध्यप्रदेशातील मराठी माणसाने कौतुकाने लक्षात ठेवावी. १९४१ साली उभी राहिलेली महार रेजिमेंट, जिचे केंद्र आपल्याच राज्यात सागर येथे आहे, ती कोणत्याही देवतेचे वा राजाचे नाव न घेता 'बोलो हिंदुस्तान की जय' म्हणते. ग्रेनेडियर्सचा घोष 'सर्वदा शक्तिशाली' असा शुद्ध संस्कृत. आणि १९६५ च्या सप्टेंबरात खेमकरणच्या रणांगणावर पाकिस्तानी रणगाडे फोडून प्राणार्पण करणारे परमवीर अब्दुल हमीद याच ग्रेनेडियर्सचे.

या सर्व घोषांत एक गोष्ट समान आहे. प्रत्येकात कोणाच्या तरी जयाची वा आपल्या सामर्थ्याची वाणी आहे. शत्रूचे नाव एकातही नाही. शत्रूच्या देवाची निंदा नाही, त्याच्या जातीचा, देशाचा वा धर्माचा उल्लेख नाही. मद्रास रेजिमेंटच्या घोषात 'हाण, मार' असा अर्थ आहे हे खरे. पण कोणाला, हे तोही सांगत नाही. आणखी असे की, आपल्या सैन्यात अधिकारी कोणत्याही धर्माचा असो, तो आपल्या जवानांच्या मंदिरात, गुरुद्वारात वा मशिदीत त्यांच्याबरोबर उभा राहतो आणि पलटणीचा घोष तोच त्याचा घोष होतो. मराठा पलटणीचा ख्रिस्ती वा मुसलमान अधिकारी शिवाजी महाराजांचा जयजयकार करतो, तेव्हा तो धर्मांतर करीत नसतो. ज्या माणसांना आपण मृत्यूच्या तोंडी नेत आहोत, त्यांची श्रद्धा ती माझी श्रद्धा, एवढेच तो सांगत असतो. म्हणजे येथे नाव हे सोबत्याशी बांधणारी गाठ आहे. ते दुसऱ्यावर फेकलेला दगड झालेले नाही.

पण येथे कोणी असे म्हणेल की, हे सगळे शब्दांचे झाले. शेवटी त्या घोषामागून येते ती संगीनच. हा आक्षेप खोटा नाही, आणि त्याला उत्तर शब्दांनी देण्यापेक्षा एका मनुष्याच्या कृतीने दिलेले बरे.

आजच्या अहिल्यानगर जिल्ह्यातील निमज गावचे शिपाई नामदेव जाधव हे दुसऱ्या महायुद्धात पहिल्या मराठा पलटणीत होते. ९ एप्रिल १९४५ रोजी उत्तर इटलीतील सेनिओ नदीवर या पलटणीने हल्ला केला. नदीला दोन्ही बाजूंनी उंच बांध घातलेले आणि पलीकडच्या बांधात जर्मनांच्या मशीनगन दडलेल्या. नामदेव जाधव हे कंपनीच्या अधिकाऱ्याचे निरोप्ये म्हणून त्याच्या मागोमाग पाण्यात उतरले. पलीकडे पोहोचेपर्यंत पुढच्या तुकड्या जवळजवळ नष्ट झाल्या होत्या. अशा स्थितीत या शिपायाने काय केले? प्रथम एका जखमी सोबत्याला उचलून खोल पाण्यातून, चढ्या बांधावरून, सुरुंग पेरलेल्या जमिनीतून मागे सुरक्षित ठिकाणी पोहोचविले. मग परत जाऊन दुसऱ्याला तसेच आणले. त्यानंतर ते तिसऱ्यांदा पलीकडे गेले व एकट्याने मशीनगनवर चालून गेले. हाताला जखम होऊन बंदूक चालवता येईना, तेव्हा हातबाँब फेकून त्यांनी एकामागून एक तीन ठाणी बंद पाडली. आणि अखेरीस, सभोवार तोफगोळे पडत असता, ते बांधाच्या अगदी माथ्यावर चढून उभे राहिले, मराठ्यांचा रणघोष केला, आणि हात हलवून मागच्या कंपन्यांना पलीकडे येण्याची खूण केली. या पराक्रमाबद्दल त्यांना व्हिक्टोरिया क्रॉस मिळाला आणि पदकाबरोबरच्या प्रशस्तिपत्रात त्यांच्या या घोषाचा उल्लेख आहे.

या कथेतील क्रम वाचकांनी लक्षात घ्यावा. जखमींची ने-आण आधी. शत्रूशी झुंज नंतर. घोष सर्वांच्या शेवटी. आणि तो घोष कोणासाठी? समोरचा शत्रू तर निःशब्द झाला होता. तो मागे राहिलेल्या आपल्या माणसांसाठी होता. वाट मोकळी आहे, या, असा त्याचा अर्थ. ज्या जागी तो उच्चारला गेला ती जागाही पाहावी. बांधाचा माथा म्हणजे सर्व बाजूंनी दिसणारी, आडोसा नसलेली जागा. ओरडणाऱ्याने प्रथम आपला देह उघड्यावर ठेवला आणि मग नाव घेतले.

रणघोषाची नैतिक परीक्षा आमच्या मते येथेच आहे. नाव कोणते घेतले याला महत्त्व आहे, नाही असे नाही. परंतु ते घेणारा कोठे उभा आहे, हे त्याहून महत्त्वाचे. सौंसर तहसिलीतील जामसावळीस निजलेल्या मारुतिरायाच्या दर्शनास आपल्यापैकी पुष्कळ जण जातात, आणि सैन्यातही बजरंगबलीचा जय म्हणणाऱ्या पलटणी आहेत. त्या मारुतिरायाचा स्वतःचा रणघोष वाल्मीकींनी सुंदरकांडात दिला आहे. अशोकवनाचा विध्वंस केल्यावर लंकेच्या मध्यभागी, सर्व राक्षससेना सभोवती असता, हा एकटा वानर रामाचा, लक्ष्मणाचा आणि सुग्रीवाचा जय पुकारतो, आणि स्वतःची ओळख देताना आपण कोसलाधीशाचे दास आहोत असे सांगतो. स्वतःचा जय त्याने पुकारलेला नाही. घोष करणारा त्या नावाचा मालक नसून सेवक आहे, हे त्याच्या गर्जनेतच सांगून टाकलेले आहे.

सेवक म्हटला की धन्याची आज्ञा आली. शिवाजी महाराजांचा जय म्हणणाऱ्याने महाराजांची आपल्या फौजेला काय आज्ञा होती, हे विसरून चालत नाही. चिपळूणच्या छावणीतील लष्कराला लिहिलेल्या प्रसिद्ध पत्रात, दाणागोटा जपून वापरा, रयतेला काडीचाही उपद्रव देऊ नका, लागेल ते बाजारातून विकत आणा, अशी ताकीद आहे. तसे न झाले तर लोक म्हणतील याहून मोगल बरे, असा भाव त्यात व्यक्त झाला आहे. महाराजांचा कट्टर द्वेष करणारा मोगल इतिहासकार खाफीखान यानेही लिहून ठेवले आहे की, मशिदी, कुराण आणि स्त्रिया यांना कोणी हात लावू नये असा त्यांचा नियम होता. हे नाव घेऊन जो धावतो त्याने हा सर्व भार शिरावर घेतलेला असतो. शीख परंपरेत आनंदपूरच्या वेढ्यातील भाई घनैयाची कथा आहे. हा मनुष्य रणांगणावर पखालीतून पाणी पाजीत हिंडे आणि शत्रूच्या जखमींनाही पाजी. तक्रार गुरू गोविंदसिंगांपर्यंत गेली. मला सर्वांच्या ठिकाणी तुमचेच मुख दिसते, असे घनैयाने सांगितले, आणि गुरूंनी त्याला शिक्षा करण्याऐवजी जखमांवर लावावयाचे मलमही त्याच्या हाती दिले. 'अकाल' या नावाचा अर्थ त्या पाणक्याला पुरता कळला होता.

आता नाण्याची दुसरी बाजू, आणि ती आपल्याच टांकसाळीतील आहे.

१७४२ साली नागपूरकर रघूजी भोसले यांचे दिवाण भास्करराम कोल्हटकर मोठे घोडदळ घेऊन बंगालमध्ये उतरले. तेव्हापासून १७५१ मध्ये तह होईपर्यंत वर्षांमागून वर्षे त्या प्रांतावर स्वाऱ्या होत राहिल्या. त्या तहाने बारा लक्ष रुपये चौथ ठरली आणि ओरिसा भोसल्यांकडे आला. आपल्या इतिहासाच्या पुस्तकांत त्याचे वर्णन पराक्रमाचे पर्व म्हणून असते, आणि सैनिकी दृष्टीने ते होतेही. परंतु बंगाली भाषेत 'बारगीर' या आपल्या साध्या लष्करी शब्दाचा 'बर्गी' झाला, आणि रडणारे मूल निजविण्यासाठी आया त्या नावाची भीती घालू लागल्या. रघूजींच्या स्वारांनी केलेली लूट, जाळपोळ आणि स्त्रियांची विटंबना यांची वर्णने तेथील समकालीनांनी लिहून ठेवली आहेत. ज्या मराठी फौजांचा घोष 'हर हर महादेव' हा होता, त्यांतलेच हे स्वार. आणि ज्यांची गावे जळाली त्यांच्या गावोगावी महादेवाचीच देवळे होती.

याहून विलक्षण प्रसंग त्याच वर्षीच्या शरद ऋतूतला. भास्करपंतांचा तळ काटव्याजवळ भागीरथीच्या काठी दाईंहाट येथे पडला होता. नवरात्र आले. पंतांनी दुर्गापूजेचा मोठा थाट मांडला. पूजेचे साहित्य आणि नजराणे आसपासच्या जमीनदारांकडून वसूल केले. पूजा पुरी होण्यापूर्वीच, नवमीच्या पहाटे, नबाब अलीवर्दीखान नदी ओलांडून छावणीवर येऊन पडला. फौज उधळली, पंत निसटले, आणि देवीची मूर्ती अर्ध्या पूजेत मागे राहिली. पुढे १७४४ मध्ये त्याच अलीवर्दीखानाने तहाच्या बोलण्यासाठी म्हणून मानकरा येथे बोलावून पंतांचा व त्यांच्या सरदारांचा तंबूत विश्वासघाताने वध करविला. या युद्धात धुतल्या तांदळासारखे कोणीच नव्हते.

या सर्व घटना गंगाराम नावाच्या एका बंगाली कवीने १७५१ च्या सुमारास 'महाराष्ट्र पुराण' नामक काव्यात गोवल्या आहेत. मराठी माणसाने हे काव्य अवश्य माहीत करून घ्यावे, कारण त्यात आपल्यावर जो न्याय झाला आहे तो शत्रूने केलेला नसून एका भाविक हिंदूने केलेला आहे. कवी सुरुवातीस मराठ्यांच्या बाजूचा आहे असेच वाटते. बंगालमधील लोकांच्या पापाचा भार पृथ्वीला सोसवेना, म्हणून स्वतः शंकर नंदीला पाठवून शाहू राजाच्या मनात ही स्वारी उत्पन्न करतात. म्हणजे महादेवाचे नाव घेऊन येणारे हे स्वार खरोखरीच महादेवाने धाडलेले! पण पुढे गावे जळतात, ब्राह्मण-वैष्णव मारले जातात, बायकांवर अत्याचार होतात, आणि बारगिरांच्या तोंडी कवी पुनःपुन्हा एकच आरोळी घालतो, ती रुपयांची. तेव्हा देवी क्रुद्ध होते. भास्करपंतांना प्रतिकूल आणि नबाबाला अनुकूल व्हा, अशी आज्ञा ती आपल्या गणांना देते. ज्या देवीची पूजा पंत मांडून बसले होते तीच देवी पक्ष बदलते, आणि तेही एका मुसलमान नबाबाच्या बाजूने.

अडीचशेहून अधिक वर्षांपूर्वी एका खेड्यातल्या कवीला हे दिसले, याचे आम्हांला मोठे आश्चर्य वाटते. देवता कोणाच्याही घोषाला बांधलेली नाही. नाव घेणारा नावाला जागला नाही तर ते नाव त्याच्यावरच उलटते, असे त्याचे सांगणे आहे. या कथेतील दैवी भाग कोणी कविकल्पना म्हणून बाजूला ठेवला तरी व्यवहारातला भाग उरतोच. 'हर हर महादेव' हा घोष सह्याद्रीत ऐकून ज्या रयतेला धीर येई, तशाच रयतेच्या पोटात भागीरथीच्या काठी मराठी घोड्यांच्या टापा ऐकून गोळा उठू लागला. सैन्याचे दैवत तेच होते. माणसे उभी होती ती जागा बदलली होती. किल्ल्याच्या तटावरून ती उतरली होती आणि शेतकऱ्याच्या कोठारात शिरली होती.

म्हणून रणांगणाबाहेर उसना आणलेला रणघोष आम्हांला फार भयावह वाटतो. सैनिक जेव्हा आरोळी देतो तेव्हा समोर शस्त्रधारी असतो, वर अधिकाऱ्याची आज्ञा असते, थांबण्याचा हुकूम आला की थांबावे लागते, आणि शरण आलेल्याला, जखमीला व कैद्याला कसे वागवावे याचे नियम १९४९ च्या जिनिव्हा करारांनी घालून दिलेले आहेत. पोटभर जेवून, शंभर मित्र सोबत घेऊन, शेजाऱ्याच्या बंद दारासमोर जो देवाचा जय पुकारतो, त्याला यांतील कोणतेही बंधन नसते आणि कोणताही धोका नसतो. त्याने घोष सैनिकाचा घेतला. सैनिकाचे व्रत घेतले नाही. दाराआड बसलेल्या मुलाच्या कानात ते नाव कायमचे कसे रुजेल, याचा विचार त्याच्या मनाला शिवत नाही. नामाची विटंबना पाहावयाची असेल तर ती येथे पाहावी. सेनिओच्या बांधावर ती नव्हती.

आता आपल्या घरचे. पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी नागपूरकडे मुले लाकडी बैल ओढीत तान्हा पोळा साजरा करतात, मोठी माणसे रोगराई घेऊन जा म्हणून मारबतीला ओरडून गावाबाहेर घालवितात. त्याच दिवशी आपल्या जाम नदीच्या पात्रात पळसाचे झाड रोवून त्यावर झेंडा लावला जातो, एका तीरावर पांढुर्ण्याचे आणि दुसऱ्या तीरावर सावरगावचे लोक जमतात, आणि दिवसभर गोटमार चालते. झेंडा तोडला गेला की चंडीमातेचा जयजयकार होतो. येथील विशेष हा की, दोन्ही तीरांची देवी एकच आहे. दगड इकडून जावो की तिकडून, तो जिच्या नावाने जातो ती तीच. जगातील कोणत्याही रणांगणावर जी गोष्ट विचारवंताला शोधून काढावी लागते, ती आपल्या नदीत शाळकरी मुलालाही दिसते. आणि सोयरीक म्हणाल तर दोन्ही तीरांमध्ये इतकी की, मामाच्या दगडाने भाच्याचे डोके फुटावे.

गोटमारीविषयी बाहेरचे लोक जे लिहितात त्यात तुच्छता फार असते, ती आम्हांला मान्य नाही. पात्रात उतरणारा तरुण स्वतःचे डोके पुढे करून उतरतो. झेंड्यापाशी कुऱ्हाड घेऊन पोहोचणाऱ्याच्या अंगी धैर्य असते यात शंका नाही. परंतु दरवर्षी शेकडो जखमी होतात, काहींचे डोळे जातात, काहींचे प्राणही गेले आहेत. प्रशासनाने दगडांऐवजी रबरी चेंडू देऊन पाहिले, ते कोणी हाती धरले नाहीत. आणि एक गोष्ट आम्ही स्पष्ट लिहितो, कोणास राग आला तरी चालेल. घोषाचा मोठा भाग पात्रातून येत नाही. तो काठावरून आणि गच्च्यांवरून येतो. ज्यांच्या अंगावर दगड येणार नाही असे लोक देवीचे नाव घेऊन दुसऱ्याच्या मुलाला पुढे लोटतात. मघाची कसोटी येथे लावली तर काय उत्तर येते ते ज्याचे त्याने पाहावे.

या खेळाच्या उगमाची जी आख्यायिका सर्वांत अधिक सांगितली जाते, तीत पांढुर्ण्याचा मुलगा सावरगावच्या मुलीला घेऊन नदी ओलांडत होता, तेव्हा दोन्ही तीरांवरून दगड आले आणि दोघेही पात्रात मेली. मग दोन्ही गावांच्या लोकांनी ती प्रेते उचलून चंडीमातेच्या देवळात नेली व पूजा केली. त्याच वाटेने आज झेंडा देवळात जातो. झेंडा नेण्यास माणसांची कधी वाण पडत नाही. त्या संध्याकाळी दवाखान्यात पट्ट्या बांधून पडलेल्यांकडे जाणारे मात्र थोडे असतात, आणि जे जातात ते आपापल्या तीराच्या माणसाकडे जातात. येत्या पोळ्यापासून आरतीपूर्वी आपल्या मंडळातील चार जणांनी दवाखान्यात जावे; पांढुर्ण्याच्या दोघांनी सावरगावच्या जखमींना आणि सावरगावच्या दोघांनी पांढुर्ण्याच्या जखमींना पाणी आणि देवीचा प्रसाद नेऊन द्यावा, अशी आमची सूचना आहे. जाण्यास जे तयार असतील त्यांनी आपली नावे पोळ्याच्या आदल्या आठवड्यात मंदिरात कळवावीत.